आत्याबाईंच्या तोंडून शिकलेलं यंत्र

लग्न होऊन मी नांदेडला आले, त्यानंतर सासऱ्यांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलायला दोन-तीन वर्षं घेतली. त्यात राग-रुसवा काही नव्हता. आमच्यात सुनेनं सासऱ्यांशी बोलायचं नसे, सासऱ्यांनीही सुनेशी बोलायचं नसे, आणि त्यावाचून दोघांचंही काही अडत नसे. अडलं ते यंत्रामुळे.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची, म्हणजे मनात. ते वकील होते. निजामाच्या अदालतीत उर्दूतून वकालत करायचे, घरी मराठीतून जेवायचे आणि उरलेल्या वेळात बिनतारी यंत्रावरून परमुलखातल्या अनोळखी माणसांशी संधान बांधायचे. लढाईच्या आधी त्यांनी स्वतःच्या हातानं एक यंत्र जोडलं होतं. त्यातून बोलणं जायचं नाही, नुसती टिंबं आणि रेघा जायच्या, तारखात्यासारख्या. आखूड आवाज म्हणजे टिंब, लांब आवाज म्हणजे रेघ, आणि त्यांची अक्षरं. लढाई सुरू झाली तसं सरकारनं ते यंत्र नेलं. लढाई संपली, पुन्हा इजाजत मिळाली, तेव्हा मामंजींनी सिकंदराबादच्या फौजी लिलावातून दुसरं आणलं. ते रणगाड्यातलं होतं.

मी सासरी आले त्याच महिन्यात यंत्रही आलं. बघायला येणारे आधी माडीवर जायचे, मग खाली येऊन मला बघायचे.

यंत्र हिरवं, लोखंडी, धान्याच्या लहान कोठीएवढं. समोरच्या पत्र्यावर एवढ्या खुंट्या, चकत्या, बटणं आणि भोकं, की हात कुठं ठेवावा ते कळू नये. प्रत्येक खुंटीखाली इंग्रजीत एक नाव आणि त्याखाली आणखी एका लिपीत दुसरं नाव. ती लिपी कोणाला येईना. देगलूरच्या एक मावशी आल्या होत्या, त्यांना तेलुगू येत होतं म्हणून आत्याबाईंनी त्यांना माडीवर नेलं. मावशींनी पदर सावरून बराच वेळ निरखलं आणि म्हणाल्या, "हे आमचं न्हवं." मामंजी म्हणाले, ती रशियन आहे, हे यंत्र रशियाला जायचं होतं, राहून गेलं. आत्याबाई म्हणाल्या, मग पत्ता चुकला म्हणायचा.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मूळच्या निलंग्याकडच्या. आवाज खणखणीत, आणि एकदा ऐकलेलं विसरायची सवय नाही.

मामंजींची पंचाईत अशी झाली की लढाईच्या त्या वर्षांत त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. अदालतीत त्यानं काही बिघडत नसे; कागद हलला तर मुन्सिफांना वाटे, वकीलसाहेब तळमळून बोलतायत. पण टिंब-रेघेच्या कामात हात थरथरला की संपलं. तीन टिंबांचा एस काढायला गेले की चार टिंबांचा एच निघे. समोरचा माणूस दोन वेळा ऐकून घ्यायचा आणि मग अदबीनं कळवायचा की तुमच्या यंत्रात बिघाड आहे, दुरुस्त करून घ्या. डाव्या हातानं त्यांनी करून पाहिलं. तेव्हा समोरच्यानं विचारलं, तुम्ही नवशिके का? मामंजींनी त्या दिवशी जेवताना दुसरी भाकरी घेतली नाही.

या यंत्राबरोबर बोलायचा माईक आलाच नव्हता. आला असता तरी मामंजींनी वापरला नसता. "बोलतं तर कोणीही," असं ते म्हणायचे. दिवसभर बोलूनच पोट भरणाऱ्या माणसाला तसं वाटणं साहजिक होतं.

आधी मुलाला शिकवायचं ठरलं. माझे यजमान करोडगिरीत, म्हणजे निजामाच्या जकातीच्या खात्यात, मुदखेडच्या नाक्यावर होते आणि आठवड्यातून एकदा घरी यायचे. त्यांच्या कानांना ते ऐकायचं चामडी टोपडं लावलं की त्यांना झोप लागे. मामंजींनी तीन-चार आठवडे वाट पाहिली. झोप दर वेळी लागली.

मग एका सकाळी मी पाण्याचा तांब्या ठेवायला माडीवर गेले. मामंजी पलंगावर बसले होते, आत्याबाई उंबऱ्यावर बसून वाती वळत होत्या. मामंजी म्हणाले, "सूनबाई किती शिकल्यात, विचार बरं."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "किती शिकली गं तू?"

"सातवी."

"सातवी म्हणती," आत्याबाईंनी पलीकडे कळवलं.

"इंग्रजी?"

"इंग्रजी येतं का, म्हणतात."

मी खरं ते सांगितलं. लातूरच्या आमच्या शाळेत सगळं उर्दूतून होतं. इंग्रजी शिकवायला एक बाई आल्या होत्या, त्यांनी ए पासून एल पर्यंत अक्षरं शिकवली आणि त्यांची बदली झाली.

"बाराखडी अर्धी हाय," आत्याबाई म्हणाल्या.

मामंजींनी विचार केला. "चालेल. बस म्हणावं."

असा माझा अभ्यास सुरू झाला. वेळ सकाळची, मामंजींची पूजा झाल्यावर आणि अदालतीला जायच्या आधी. बैठक अशी: मी यंत्रापुढे पाटावर, डोक्यावरून पदर आणि पदरावरून ते टोपडं. मामंजी खिडकीजवळच्या पलंगावर, अर्धी पाठ माझ्याकडे, कानाला दुसरं टोपडं. मधे उंबऱ्यावर आत्याबाई, कानाला काहीच नाही. सगळं शिकणं त्यांच्यामार्फत व्हायचं. मामंजी त्यांना सांगायचे, त्या मला सांगायच्या. मला शंका आली तर मी त्यांना विचारायची, त्या मामंजींना विचारायच्या. तिघांपैकी यंत्राशी काहीएक देणंघेणं नसलेलं माणूस म्हणजे आत्याबाई, आणि सगळी विद्या त्यांच्या हातून जायची.

पाठवण्याआधी यंत्र जुळवावं लागे. पहिल्यांदा खालच्या बॅटऱ्यांची कळ. ती दाबली की आत जातं फिरल्यासारखी घरघर सुरू होई. मग आतले काचेचे दिवे तापेपर्यंत थांबायचं. मग मोठी चकती फिरवून ज्याच्याशी बोलायचं त्याला शोधायचं. मग एका बटणावर बोट दाबून धरायचं, की कानात शीळ वाजायला लागायची. ती आपल्या यंत्राची शीळ. चकती हळूहळू फिरवली की शीळ बारकी असते ती उतरत उतरत जाड होते, मग घोगरी होते, मग नाहीशी होते. ती मेली, की आपण बरोबर त्या माणसाच्या जागेवर आलो. जरा पुढे गेलं की पलीकडून पुन्हा सुरू.

"तिला सांग, शीळ मरेपर्यंत फिरव."

"मरेपर्यंत फिरव म्हणतात," आत्याबाई म्हणाल्या. मी घाबरून हात काढला.

त्यानंतर पाठवायच्या ताकदीची खुंटी. तिचं नाव पत्र्यावर दोनच अक्षरी होतं, पी.ए. काटा जास्तीत जास्त वर चढेल तिथं ती सोडायची.

"तिला म्हणावं, आता पी.ए. फिरव."

"पिया फिरव म्हणतात."

मामंजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पिया नव्हे. पी, ए."

"तेच म्हणलं मी. पिया."

पिया कोणाला म्हणतात ते उर्दू शिकलेल्या घरात सगळ्यांनाच माहीत होतं. मामंजींनी ते नाव पुन्हा घेतलं नाही. त्या दिवसापासून तिला "उजवीकडची" म्हणायला लागले. बाकीच्या खुंट्यांनाही मग आत्याबाईंनीच नावं दिली, कारण निरोप त्यांना न्यायचा होता. एक लाल, एक अडेल, एक बिनकामाची. छपरावरच्या तारेला जुळवून घेणारा वेगळा डबा होता, त्याला नुसतं डबा. मला इंग्रजी, रशियन दोन्ही सारखंच होतं, म्हणून मी आत्याबाईंची नावं धरली. पुढं हैदराबादेत एका साहेबांनी मला त्या खुंट्यांची खरी नावं सांगितली तेव्हा मला ती खोटी वाटली.

अक्षरंही अशीच शिकले. मामंजी पलंगाच्या खुरावर अंगठीनं ठोकायचे. आखूड ठोका, जरा थांबून ठोका. आत्याबाई म्हणायच्या, "कट्ट कड." मग मामंजी अक्षर सांगायचे, "ए." आत्याबाई म्हणायच्या, "ए. कट्ट कड." मी ठोकायची, कट्ट कड. एल पर्यंत माझी ओळखीची माणसं होती. पुढची अक्षरं मला डोळ्यांच्या आधी कानाला भेटली. एस कसा वाजतो ते मला माहीत होतं, कसा लिहितात ते बऱ्याच दिवसांनी कळलं, आणि तो साप निघाला याचं मला नवल वाटलं.

बांगड्यांचा प्रश्न होता. टिंब-रेघा पाठवायची पितळी कळ दाबताना त्या टेबलावर आपटून वेगळीच टिंबं काढायच्या. मामंजींनी सुचवलं, उजव्या हातातल्या काढून ठेवाव्यात. हा निरोप आत्याबाईंनी माझ्यापर्यंत आणला नाही. त्यांनी तिथंच उत्तर दिलं. मग एक जुनं फडकं आणून त्यांनी माझ्या बांगड्या वर सारून घट्ट बांधल्या. हात दुखल्यासारखा दिसायचा, पण टिंबं साफ पडायला लागली.

काम बरं चाललं होतं तेवढ्यात मला चटका बसला. कळ दाबलेली असताना दुसऱ्या हातानं मी डब्याची तार सरळ करायला गेले. बोटाच्या टोकाला पांढरा ठिपका पडला, उदबत्तीनं भाजावं तसा. ओरडण्यासारखं काही नव्हतं, पण मी ओरडले. आत्याबाईंनी बोटाला तूप लावलं आणि मामंजींकडे वळून म्हणाल्या, "पराई पोर हाय. उद्या हिच्या बापाला काय सांगायचं?"

"चालू असताना तारेला हात लावायचा नाही, हे मी सांगितलं होतं."

"मला न्हाई सांगितलं."

"सांगितलं होतं."

"मला सांगितलं असतं तर तिला कळलं असतं," आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांनी निरोप नेणं बंद केलं. उंबऱ्यावर बसायच्या रोज, वातीही वळायच्या, पण मामंजी काही बोलले की "मी न्हाई सांगणार," एवढंच.

पहिल्या दिवशी आम्ही नुसतेच बसून राहिलो. यंत्र घरघरत होतं. दुसऱ्या दिवशी मी चुकीच्या खुंटीला हात घातला आणि पलंगाच्या खुरावर ठोके ऐकू आले. मला वाटलं, अक्षरांचा सराव. लावत गेले. एच. ए. एल. यू. हळू.

मी हात थांबवला. जरा वेळानं टेबलाच्या कडेवर नखानं ठोकलं. एच. ओ. हो.

ठोकणं म्हणजे बोलणं नव्हे, असं बहुधा आम्ही दोघांनीही आपापल्या मनाशी ठरवलं असावं. त्यावर चर्चा होणं शक्यच नव्हतं. पण त्या दिवसापासून मामंजी मला सगळं ठोकून सांगायला लागले. डावीकडे. पुन्हा. बरं. हात हलका ठेव. अंगठीचे ठोके सुटे-सुटे असायचे, त्यात थरथर आली तरी मला अंदाजानं कळायचं. माझ्याइतका त्यांचा एच आणि एस ओळखणारं दुसरं कोणी जगात नव्हतं.

आत्याबाईंनी दोन-तीन दिवस बघितलं. मग म्हणाल्या, "तुम्ही दोघं काय बोलून राहिले?"

"आम्ही बोलत नाही," मामंजी म्हणाले. आणि ते खरंच होतं.

ही सवय माडीवरून खाली आली. एकदा जेवताना मामंजींनी ताटाच्या कडेवर बोटानं ठोकलं. एम, आय, टी... मी मिठाची वाटी घेऊन निघाले, तोवर चुलीपुढून आवाज आला.

"आमटीत मीठ कमी हाय तर मला सांगा. आमटी मी केली. तिला कशाला?"

मामंजींचा घास हातात राहिला. मी वाटी घेऊन उभी राहिले. आत्याबाई भाकरी थापत होत्या. रोज सकाळी उंबऱ्यावर बसून कट्ट कड म्हणणाऱ्या बाईला ते आलं असेल, हे आम्हां दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवसापासून ताटावर ठोकणं बंद झालं आणि उंबऱ्यावरचे निरोप पुन्हा सुरू झाले. दोन्ही मार्ग उघडे राहिले. मामंजी कामाचं आत्याबाईंमार्फत सांगायचे आणि शाबासकी खुरावर ठोकायचे.

मी पहिल्यांदा खऱ्या माणसाशी जोडली गेले तो माणूस नागपूरकडचा होता. कोण, काय करतो, काही माहीत नाही. सकाळच्या वेळी तो ठरल्या जागी असायचा. मी त्याच्या जागेवर शीळ मारली, उजवीकडची वर चढवली, डबा जुळवला, आणि मामंजींचं चिन्ह, म्हणजे सरकारनं त्यांच्या यंत्राला दिलेलं अक्षरी नाव, पाठवलं. उत्तर आलं. त्यानं पाठवलं ते मी अक्षर-अक्षर मोठ्यानं म्हणत गेले आणि मामंजी अर्थ लावत गेले.

"काय म्हणतो?" आत्याबाईंनी विचारलं.

"सुप्रभात, म्हाताऱ्या, म्हणतो," मामंजी म्हणाले.

"कोणाला?"

मामंजींनी खुलासा केला की या मंडळींत सगळे एकमेकांना म्हातारा म्हणतात. ओल्ड मॅन. वय कितीही असो. तो मान आहे.

"आणि बाई असली तर?"

"बाया नसतात," मामंजी म्हणाले. मग माझ्या दिशेला जरासं बघून म्हणाले, "फारशा नसतात."

यंत्राची इजाजत मामंजींच्या नावची, चिन्ह त्यांचं, आणि तेही शेजारीच बसलेले असायचे. त्यामुळे मी वेगळं असं काही सांगायचं कारण नव्हतं. मी वर्षभर म्हातारा होते. नागपूरचा माणूस, बंगळूरचा एक, कोलंबोचा एक, सगळे मला त्याच नावानं ओळखत. बोलणंही ठरलेलं. आवाज कसा येतो, यंत्र कोणतं, हवामान काय, तब्येत कशी, रामराम. त्यापलीकडे जायचं नाही हा मामंजींचा दंडक होता. राजकारण नाही, घरगुती नाही. नांदेडात बसून मला कोलंबोला सकाळी पाऊस पडला ते कळायचं. लातूरला माझ्या आई-वडिलांकडे पडला का, ते पत्र आल्यावर कळायचं.

त्या वर्षी धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी मी लातूरला गेले. आईनं विचारलं, सासरी काम काय पडतं? मी सांगितलं, सकाळचा स्वयंपाक आत्याबाई करतात, मी यंत्र चालवते. आई म्हणाली, शिवणाचं का? मी हो म्हटलं. समजावून सांगायला माझ्याकडे दुसरी आत्याबाई नव्हती.

परत आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला जोडलं. नेहमीचं झाल्यावर त्यानं विचारलं, आता तब्येत बरी का? गेले दहा-पंधरा दिवस तुझा हात फार जड पडत होता.

मी ते मोठ्यानं वाचून दाखवत होते. वाचता वाचता थांबले. मामंजी खिडकीबाहेर बघत होते. आत्याबाई सूप घेऊन तुरीतले खडे निवडत होत्या; त्यांच्या उजव्या मनगटावर फडकं बांधल्याचा वळ होता.

"विचारलंय तर सांग की," त्या सुपातून वर न बघता म्हणाल्या. "बरी हाय म्हणावं."

मी तसं पाठवलं.

पुढच्या वर्षी गावातलं बोलणं कमी व्हायला लागलं. इंग्रज गेले होते, पलीकडे हिंदुस्थान झाला होता, आणि आमचं संस्थान मधेच राहिलं होतं. लोक पैनगंगा ओलांडून पलीकडे जायला लागले. आमच्या गल्लीतल्या दोन घरांना कुलपं लागली. संध्याकाळी लोक दारं लवकर लावायचे. मामंजींना पुष्कळांनी सुचवलं, वकीलसाहेब, तुम्हीही जा. ते म्हणाले, पक्षकारांच्या तारखा लागल्यात. घराच्या छपरावरच्या आमच्या तारेकडे मात्र जाणारे-येणारे मान वर करून बघायला लागले.

नागपूरच्या माणसानं त्या दिवसांत एकदाच विचारलं, तिकडे कसं आहे?

मी मामंजींकडे बघितलं. त्यांनी खुरावर ठोकलं, हवामान सांग.

मी सांगितलं, उकाडा आहे.

तो मग म्हणाला, काळजी घे, म्हाताऱ्या.

आणि एका सकाळी अमीनसाहेब, म्हणजे निजामाचे फौजदार, आले. बिनतारी यंत्रं सगळ्यांनी जमा करायची असा हुकूम निघाला होता. अमीन वयस्क होते, दाढी पांढरी, दम लागलेला. माडीचा जिना आमचा उभा होता. मामंजींच्या ओळखीचे होते, अदालतीत रोजची गाठ.

"वकीलसाब, माफ करना. हुकूम है."

"हुकूम है तो माफी काहे की," मामंजी म्हणाले.

अमीनांनी यंत्र सगळीकडून बघितलं. मग त्यांना लिहायचं होतं की चालू हालतीत आहे की बंद. चालू लिहून वर बंद निघालं तर त्यांच्यावर येणार, बंद लिहून चालू निघालं तरी त्यांच्यावरच. "ज़रा चला के बताते क्या?"

मामंजींनी आपला हात पुढं करून दाखवला. तो थरथरत होता. "चलाने वाली हमारी बहू है."

अमीनसाहेब खरे खानदानी गृहस्थ. घरातली बाई समोर येणार म्हटल्यावर ते उठले, खुर्ची फिरवली, आणि भिंतीकडे तोंड करून बसले. "चलाओ बेटी," ते भिंतीला म्हणाले.

मग मी यंत्र चालवून दाखवलं आणि बघायला आलेला माणूस भिंतीकडे बघत होता. बॅटरीची कळ दाबली. घरघर सुरू झाली. अमीनांनी मान हलवली. दिवे तापले, चकती फिरवली, नागपूरचा माणूस नेहमीच्या जागी होता. शीळ मारली. अडेल खुंटी त्या दिवशी पहिल्या झटक्यात फिरली. काटा वर चढला.

"आखिरी है, बता दे उसे," असं मामंजी आत्याबाईंना म्हणाले, ते अमीनांना कळावं म्हणून उर्दूत. मग मराठीत म्हणाले, "तिला म्हणावं, हेही सांग, की इतके दिवस मी नव्हतो. सूनबाई होती."

दंडक त्यांचाच होता, मोडलाही त्यांनीच.

मला इंग्रजीत सून येत नव्हती. मी आत्याबाईंकडे बघितलं. मामंजी म्हणाले, "डॉटर-इन-लॉ."

"डाटरीन ला," आत्याबाई म्हणाल्या.

मी ऐकलं तसं पाठवलं. डी, ए, टी, आर, आय, एन. एल, ए. यंत्र जाणार, पुन्हा भेट नाही, आणि इतके दिवस जो हात होता तो डाटरीन लाचा.

पलीकडे शांत. अमीन भिंतीला म्हणाले, "बंद पड़ गई क्या?"

मग उत्तर आलं. छोटंसंच होतं. मी अक्षरं म्हटली, मामंजींनी अर्थ लावला, आणि अमीनांनी विचारलं, "क्या बोला?"

"बोला, बहुत खूब, बड़े मियाँ," मामंजी म्हणाले.

"किसको बोला?"

"बहू को."

अमीनसाहेब मग म्हणाले, "बेटी, किसने सिखाया?"

मी पदराआडून आत्याबाईंकडे बोट केलं. ते त्यांना दिसणं शक्य नव्हतं, म्हणून आत्याबाईच म्हणाल्या, "मीच."

अमीनांनी लिहिलं, चालू. चार माणसांनी यंत्र जिन्यावरून उतरवलं. आत्याबाई वरच्या पायरीवर उभ्या राहून सांगत होत्या, कोपरा बघा, कोपरा बघा, आणि खाली गेल्यावर त्यांनी उजवीकडच्या खुंटीवरचा भिंतीचा चुना पदरानं पुसला.

नागपूरच्या माणसाला माझं म्हणणं कळलं होतं का, ते मला आजवर माहीत नाही.

त्यानंतरच्या सकाळी वाईट गेल्या. मामंजी पूजा झाली की माडीवर जायचे आणि अदालतीची वेळ होईपर्यंत पलंगावर बसून राहायचे. मी तांब्या ठेवायला जायची. आत्याबाई वाती वळायच्या. टेबलावर यंत्राच्या पायांचे चार ठसे होते. कोणी कोणाला निरोप सांगत नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. मामंजी ठोकायचेही बंद झाले. मला तेव्हा कळलं, की या घरात मला बोलायला एक माणूस होतं आणि ते गेलं. ते समोरच बसलेलं होतं, तरी गेलं.

काही महिन्यांनी फौजा आल्या, राज्य बदललं, कुलपं लावून गेलेली माणसं परतली. अदालतीत नवे साहेब आले. एके दिवशी चिठ्ठी आली, की जमा केलेल्या वस्तू ओळख पटवून घेऊन जाव्यात. मामंजी मला आणि आत्याबाईंना बरोबर घेऊन टांग्यानं गेले. मी का, असं आत्याबाईंनी विचारलं नाही.

गोदामात यंत्रांचा ढीग होता. बहुतेक लोकांचे साधे रेडिओ. हिरवीही दोन होती. एकावर रशियन अक्षरं नव्हती. दुसऱ्यावर होती, पण मी अडेल खुंटी फिरवून बघितली आणि ती लगेच फिरली. मी आत्याबाईंकडे बघून मान हलवली.

"आपलं न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

तिथला तरुण कारकून म्हणाला, आजोबा, घेऊन जा हेच, कोण विचारतंय. मामंजी म्हणाले, "ज्याचं असेल तो विचारेल." आम्ही रिकाम्या हातांनी बाहेर पडलो.

टांग्यात मी आणि आत्याबाई मागे बसलो होतो, मामंजी पुढे, टांगेवाल्याशेजारी. बाजारातली गर्दी मागे पडली. मामंजींनी मान वळवली नाही. रस्त्याकडे बघत म्हणाले, "आता परवान्याची परीक्षा हैदराबादेत होणार आहे. तू बसतेस का?"

मला वाटलं, आत्याबाईंना विचारतायत. मी त्यांच्याकडे बघितलं. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. निरोप आणायला त्यांनी तोंड उघडलं नाही.

"तुला विचारलं," त्या म्हणाल्या.

"बसते," मी म्हटलं. माझा आवाज मला फार मोठा वाटला. टांगेवाल्यानंही मागं वळून बघितलं.

"इंग्रजी शिकावं लागेल. पूर्ण."

"हो."

"मग आजपासून," मामंजी म्हणाले, आणि त्यानंतर घर येईपर्यंत कोणी काही बोललं नाही. एका दिवसासाठी तेवढं पुष्कळ होतं.

पहिल्या परीक्षेत मी नापास झाले. टिंब-रेघेत पैकीच्या पैकी होते, पण यंत्राचा नकाशा काढून भागांची नावं लिहायची होती, आणि मी आत्याबाईंची लिहिली. दुसऱ्या खेपेला पास झाले. तोवर करोडगिरीचं खातं बंद होऊन यांना लातूरला दुसऱ्या कचेरीत घेतलं होतं, त्यामुळे परवाना लातूरच्या पत्त्यावर आला. यंत्र मामंजींनी स्वतः जोडून पाठवलं. तारा सांधायला कथिलाचा डाक लावायचं काम मात्र थरथरत्या हाताला जमणारं नव्हतं. ते सगळं आत्याबाईंनी लावलं होतं, आणि एकही टाका सुटला नाही.

लातूरला आमच्या घरावर पत्रे होते. पत्र्यावर पाऊस पडायला लागला की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही, मग बंगळूर-कोलंबोचं कुठून येणार. म्हणून आषाढ लागला की पाऊस सरेपर्यंत मी सुटीवर असते, असं मी सगळ्यांना कळवून टाकलं. बहुतेकांनी ते मान्य केलं. फक्त एकानं विचारलं, ही सुटी कोणाकडून घ्यावी लागते? मी सांगितलं, सासूबाईंकडून.